खोडरबराचे पैसे

आपल्याला एखादी गोष्ट येते, हे शहाण्या माणसाने चारचौघांत बोलू नये. पेटी वाजवता येते म्हणणाऱ्याला दर हळदीकुंकवाला पेटी उचलून न्यावी लागते. इंजेक्शन देता येते म्हणणाऱ्याला वाडीतली म्हातारी माणसे रात्री दोनला उठवतात. आणि कॉम्प्युटर दुरुस्त करता येतो म्हणणाऱ्याचे रविवार संपतात. माझे संपले. एका लग्नाच्या पंगतीत मी शेजारच्या गृहस्थांना हे बोलून गेलो आणि ते नेमके एका संस्थेचे कार्यकर्ते निघाले. "तलासरीला आमची मुलं आहेत. बारावी झालेली, हुशार. त्यांना हे शिकवाल का, दर रविवारी?" असे त्यांनी विचारले तेव्हा माझ्या तोंडात अख्खी जिलबी होती. मान हलवण्यापलीकडे मला काही करता आले नाही, आणि आपल्याकडे मान कशीही हलवली तरी तिचा अर्थ 'हो' असाच होतो.

तलासरी कुठे आहे, हे मला ठाऊक नव्हते. बोरिवलीच्या माणसाचा भूगोल विरारला संपतो. पण २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल गेली आणि २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, त्यामुळे आमच्या अज्ञानाला सबब उरली नाही. विरार सुटले की या लोकलची सहल होते. वैतरणा, सफाळे, केळवे रोड अशी स्टेशने येऊ लागतात, माणसे एकमेकांशी चक्क बोलू लागतात, आणि परतीच्या गाडीत चिकूच्या टोपल्यांना बसायला जागा मिळते, माणसांना नाही. डहाणू रोडला उतरायचे आणि तिथून एस.टी.ने तलासरी गाठायची. त्यापुढे गुजरातची हद्द. म्हणजे मी दर रविवारी महाराष्ट्र जवळजवळ संपवूनच शिकवायला उभा राहतो.

पहिल्या दिवशी मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन गेलो. त्यात पहिल्याच प्रकरणात बजावले होते की, कॉम्प्युटरला हात लावण्यापूर्वी मनगटाला एक पट्टा बांधावा आणि त्याची तार जमिनीशी जोडावी. नाहीतर अंगात साठलेल्या विजेची ठिणगी उडून आतला नाजूक भाग जळतो. हे मी मोठ्या गांभीर्याने सांगत असताना पहिल्या बाकावरच्या मुलाच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा एक थेंब निघाला आणि समोर उघडून ठेवलेल्या मदरबोर्डावर बरोबर मध्यभागी पडला. महिना मे होता. छताचा पंखा एका विद्यार्थ्याचा घाम दुसऱ्याकडे नेण्याचे काम तेवढे करीत होता.

"सर, ठिणगीचं राहू दे," तो मुलगा म्हणाला. "या थेंबाचं काय करायचं?"

पुस्तकात थेंबाचे प्रकरण नव्हते. ते लिहिणारा कुठल्या तरी थंड, कोरड्या गावी बसला होता. तिकडे गालिच्यावरून चालले तरी अंगात वीज साठते. जुलैच्या तलासरीत हवाच इतकी ओली असते की वीज साठायची म्हटली तरी साठत नाही. (तरी काम सुरू करण्यापूर्वी हात लोखंडी डब्याला टेकवायची सवय मी मुलांना लावली. पुस्तकाचा थोडा मान राखायला हवा.) इथला शत्रू वेगळा. बरणीतले मीठ पाझरते, पापड चामड्यासारखा होतो, काड्यापेटी ओढली तर काडीचे डोकेच निघून येते, त्याच हवेत आपला कॉम्प्युटर बसलेला असतो. त्यातून डहाणूच्या बाजूचा वारा समुद्राचा, म्हणजे खारा. कॉम्प्युटरच्या आत मेमरीची एक पट्टी असते, तिला सगळे 'रॅम' म्हणतात. तिच्या काठावर सोनेरी दात असतात. सोने गंजत नाही, हे खरे. पण हा मुलामा इतका पातळ असतो की त्याला बारीक छिद्रे राहतात, आणि खालचा हलका धातू त्यातून काळवंडून वर येतो. आपल्या ओळखीतही सोन्याचा मुलामा दिलेली माणसे असतात, तसेच हे.

शिकायला आम्हांला यंत्रे मिळाली ती मुंबईच्या कचेऱ्यांनी दान केलेली. आपल्याला नकोशी झालेली वस्तू गरिबाला दिली की तिचे दान होते, हा शोध कोणी लावला कोण जाणे. काहींच्या आतली कपॅसिटरे डोक्यावर भज्यासारखी फुगली होती. उष्णता दहा अंशांनी वाढली की या कपॅसिटराचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. मुंबईच्या थंडगार खोलीत ज्याने दहा वर्षे काढली, त्याला आम्ही म्हातारपणी तलासरीच्या पत्र्याखाली आणून बसवले होते. एका यंत्रात मुंग्यांचे वारूळ होते, एकात पालीची अंडी. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या एका प्रचंड गणकयंत्रात एक पतंग अडकला होता आणि तो तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट मी मुलांना सांगितली. आमच्या नोंदवहीत मुंग्या चिकटवायच्या तर रजिस्टर पुरले नसते.

पण मुले शिकली. माझ्यामुळे म्हणा, माझ्या असूनही म्हणा. फोडलेल्या यंत्रांतून त्यांनी चालणारी यंत्रे उभी केली. बँकेच्या थंड खोलीतून आणलेला लॅपटॉप बाहेरच्या दमट हवेत लगेच चालू करायचा नाही, कारण थंड तांब्याला बाहेरून घाम येतो तसा तो यंत्रालाही येतो, हे त्यांना एकदा सांगून कळले. पावसाळ्यात यंत्र प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून कुलपात ठेवले तर ते आतल्या आत कुजते, आणि रोज तासभर चालवले तर स्वतःच्याच उबेने कोरडे राहते, हेही त्यांनी पाहिले. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, जपून ठेवलं की बिघडतं." मी हे वाक्य वहीत टिपून घेतले आणि पुढे दोन ठिकाणी स्वतःचे म्हणून वापरले.

खरी अडचण यंत्राची नव्हती. ती जूनमधल्या एका रविवारी खताच्या गोणीत बांधून आली.

गोणी एका बाईंच्या डोक्यावर होती. त्यांचे एका नाक्यावर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचे दुकान. सात-बारा, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, कॉलेजचा प्रवेश, सगळ्या गोष्टी आता कॉम्प्युटरच्या दारातून जातात. तेव्हा त्या दुकानाची पायरी म्हणजे तिथली मामलेदार कचेरीच. आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला. चालू केला की नुसता 'बीप बीप' करायचा. शहरातल्या एका दुकानात नेला, तर तिथे पाहून सांगितले, "मदरबोर्ड गेला. साडेसात हजार." बाईंनी यंत्र परत गोणीत घातले आणि एस.टी. धरली.

आमच्या दोन विद्यार्थ्यांनी डबा उघडला. रॅम काढली. दात काळवंडलेले. मुलीने कंपासपेटीतले पांढरे, मऊ खोडरबर घेतले. (कडक रबर घ्यायचे नाही, आणि जोरात घासायचे नाही, नाहीतर घाणीबरोबर सोनेही जाते.) तिने हलक्या हाताने दात पुसले, कण झटकले, वरून स्पिरिटचा बोळा फिरवला, पट्टी पुन्हा बसवली आणि बटण दाबले. बीप नाही. पडद्यावर उजेड आला. एकूण दहा मिनिटे, त्यातली चार खोडरबर शोधण्यात गेली.

बाईंनी कमरेचा बटवा सोडला आणि विचारले, "किती द्यायचे?"

वर्गात शांतता पसरली. दोन वर्षांत हा प्रश्न मी शिकवलाच नव्हता.

"पाचशे," एकजण हळूच म्हणाला. "साडेसात हजार वाचले त्यांचे."

"खोडरबर पाच रुपयांचं," दुसरा पुटपुटला.

अशा वेळी शिक्षकाने मोठेपणा दाखवायचा असतो. मी घसा साफ केला आणि मुंबईहून आणलेल्या आवाजात म्हणालो, "काही नको, बाई. आमच्या मुलांचा अभ्यास झाला, यात सगळं आलं." मला वाटले, आता मुले माझ्याकडे आदराने पाहतील. त्यांनी पाहिले, पण ते आदराने नव्हते.

"सर, तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं बोरिवलीला जाल," खोडरबरवाली मुलगी म्हणाली. "आम्ही इथंच राहणार. फुकट काम म्हणजे वेठच ना?"

हा शब्द तिने सहज उच्चारला, पण तलासरीत तो सहज नाही. याच तालुक्यातल्या झरी गावी १९४५ च्या मे महिन्यात वारली मंडळी हजारोंनी जमली आणि यापुढे जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबायचे नाही, असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' पुस्तक आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात असते. माझ्याही आहे. कपाटात ते फार चांगले राहते. पण समोरच्या बाकावरून एक मुलगा उठून म्हणाला, "माझे पणजोबा लग्नगडी होते, सर." लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी राबायचे, त्याला लग्नगडी म्हणत. "आजोबा सांगायचे, पैसे कधीच फिटायचे नाहीत. कारण हिशोब सावकाराच्या वहीत, आणि वाचता येतं सावकारालाच. पणजोबांना आकडे येत नव्हते, त्याचेच पैसे तो घ्यायचा."

मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "त्या शहरातल्या दुकानवाल्यानं साडेसात हजार सांगितले, ते कशाचे?"

बाई बटवा हातात धरून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होत्या. यंत्र दुरुस्त झाल्यावर इतकी चर्चा करणारे दुरुस्तीवाले त्यांनी पूर्वी पाहिले नसावेत.

मी मुलांना ती सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगून पाहिली. कारखान्यातले यंत्र बंद पडते, एक म्हातारा कारागीर येतो, हातोडीचा एकच ठोका घालतो आणि मोठे बिल लावतो. ठोक्याचा एक रुपया, आणि ठोका कुठे घालायचा या ज्ञानाचे बाकीचे. आपण सारे पांढरपेशे ही गोष्ट फार आवडीने सांगतो, कारण आपल्यापैकी कोणालाच हातोडी उचलायची नसते. ज्ञानाची किंमत घेण्यात पाप नाही. डॉक्टर छाती तपासून "काही झालेले नाही" म्हणतो, त्याचेही आपण पैसे देतो, आणि आनंदाने देतो. तेव्हा खोडरबराच्या पाच रुपयांवर थांबायचे कारण नाही, हे मला पटत होते. पण मग साडेसात हजारांवर तरी का थांबायचे? ज्ञानाची किंमत आणि समोरच्याच्या अज्ञानाची किंमत, दोन्ही नोटा एकाच छापाच्या. ओळखायच्या कशा?

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती आठवल्याबरोबर आणखी थोडा घाम आला.

१९९८ साली मी नोकरी सांभाळून फावल्या वेळात कॉम्प्युटर दुरुस्तीची कामे करीत असे. एका निवृत्त मास्तरांनी बोलावले. मुलाने परदेशातून पैसे पाठवून त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला होता आणि त्याच्या पत्रांची वाट बघत ते त्या पडद्यासमोर बसत. पडदा दोन दिवस काळा. मी मागे वाकून पाहिले, तर केरसुणीच्या धक्क्याने वायर सैल झालेली. बोटाने दाबली, पडदा उजळला. मास्तर तेव्हा आत चहा सांगायला गेले होते. मी एक क्षण विचार केला आणि पडदा पुन्हा बंद केला. मग पेचकस काढला, डबा उघडला, दहा-बारा स्क्रू वर्तमानपत्रावर मांडले, दोनदा फुंकर मारली आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणालो, "सप्लायमध्ये फॉल्ट होता." मास्तरांनी पाकिटात साडेतीनशे रुपये घालून दिले. वर एक रुपयाचे नाणे, शुभ म्हणून. आणि आत हाक मारून ते म्हणाले, "बघितलंस? विद्या असावी तर अशी!"

पैसे काय, त्याच आठवड्यात खर्च झाले. तो एक रुपया मात्र मला अजून टोचतो.

हे मी वर्गाला कधी सांगेन असे वाटले नव्हते. त्या दिवशी सांगून टाकले. समोर ती बाई होती, ओला पावसाळा होता, आणि मघाशी दाखवलेला मोठेपणा नाहीतरी वाहूनच गेला होता. मुले थोडा वेळ गप्प राहिली. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, तुमचेच दात काळे पडले होते." सगळा वर्ग हसला. मीही हसलो, तोंड मिटून.

पण त्या हसण्यातच मला उत्तर सापडले. मी मुलांना म्हणालो, "मास्तर आत गेले नसते तर? त्यांच्यासमोरच वायर दाबून मी 'एवढंच झालं होतं' म्हणालो असतो, तर त्यांनी किती दिले असते?"

"पन्नास," एकजण म्हणाला. "आणि चहा."

"म्हणजे तीनशे एक रुपये अज्ञानाचे," लग्नगड्याचा पणतू म्हणाला. हिशोबात तो पक्का आहे. घराण्यात तीन पिढ्या त्याचीच उणीव होती.

तेव्हा कसोटी ही. काय झाले होते, काय केले, किती वेळ लागला, हे सगळे समजावून सांगितल्यावरही गिऱ्हाईक जी रक्कम खुशीने देते, ती आपल्या ज्ञानाची. आणि सांगितल्याबरोबर जी रक्कम गळून पडते, ती त्याच्या अज्ञानाची. ती घेणारा सावकार. त्याची वही जाऊन हाती पेचकस आला, एवढाच फरक. आणि मुलगी म्हणाली तेही तितकेच खरे. काहीच न घेणारा माणूसही समोरच्याला खरी गोष्ट सांगतच नाही. या कामाला विद्या लागते, ती मिळवायला दोन वर्षे घाम गाळावा लागतो, हे तो लपवतो, आणि लपवून वर उपकार करतो. मुंबईच्या कचेऱ्यांच्या दानाला मी हसलो होतो, पण माझे 'काही नको, बाई' त्याच जातीचे होते.

मुलांनी बाईंना जवळ बोलावले. डबा पुन्हा उघडला. रॅम कुठे असते, कशी काढायची, आधी वायर कशी सोडवायची, कुठले रबर घ्यायचे, सगळे दाखवले आणि त्यांच्याकडून एकदा करवून घेतले. हा चौकोनी डबा पॉवर सप्लायचा, तो मात्र वायर काढली तरी उघडायचा नाही, कारण आतल्या कपॅसिटरात वीज उरते, हेही सांगितले. मग म्हणाले, "दीडशे रुपये."

बाईंनी दीडशे दिले, कुरकुर न करता. जाताना त्या मुलीला म्हणाल्या, "ते खोडरबर देशील का?" तिने दिले. त्याचे पाच रुपये वेगळे घेतले.

त्या गेल्यावर एका व्यवहारी विद्यार्थ्याने शंका काढली. "सर, असं सगळ्यांना शिकवत बसलो तर आपल्याकडं येणार कोण?" शंका रास्त होती. मुंबईत तर अर्धी दुनिया याच भीतीवर चालते. पण ज्या भागात आम्ही बसलो होतो, तिथे तिचे एक उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. ज्या १९४५ साली झरीत सभा झाली, त्याच साली थोड्या अंतरावर बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, तर या बायकांनी शाळाच कुरणात नेली. माँटेसोरीची महागडी साधने परवडत नाहीत, तर शंख, शिंपले, बिया, पाने घेतली. विद्या वाटून शिक्षकांचा धंदा बुडाला, असे कोसबाडला काही झाले नाही. मी हे रंगवून सांगत होतो, तेवढ्यात त्या मुलीने ते एका वाक्यात आटोपले. "दवाखान्यातली नर्स मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवते, सर. दवाखाना काय बंद पडला?"

मी घड्याळ पाहिले. एस.टी.ची वेळ झाली होती. विद्यार्थी जास्त बोलू लागले की नेमकी माझ्या एस.टी.ची वेळ होते.

ऑगस्टात त्या बाई पुन्हा आल्या. तीच गोणी, तोच कॉम्प्युटर. धो धो पाऊस. वर्गातला तो व्यवहारी मुलगा माझ्याकडे पाहून हसला. बाईंनी गोणी खाली ठेवली, पदराने तोंड पुसले आणि एखाद्या मोठ्या डॉक्टरने पेशंट पाठवताना चिठ्ठी लिहावी तशा म्हणाल्या, "रॅम नाही. दोनदा पुसून बघितली. बीपच येत नाही. पंखा पण फिरत नाही. पॉवर सप्लाय असणार. तो मी उघडला नाही, तुम्ही सांगितलं होतंत."

पॉवर सप्लायच होता. आत एक पाल जळून चिकटली होती. मुलांनी पाल बाईंना दाखवली, दुसऱ्या एका दान आलेल्या यंत्रातला चांगला सप्लाय काढून बसवला, त्याची किंमत, कामाची मजुरी, सगळे फोडून सांगितले. बाईंनी ऐकून घेतले, एका कलमावर हुज्जत घातली, तीस रुपये कमी करून घेतले आणि बाकीचे मोजून दिले.

"बघितलंत, सर?" व्यवहारी मुलगा नाराजीने म्हणाला. "शिकवलं की लोक भाव करतात."

मला मात्र ते तीस रुपये फार आवडले. १९९८ सालच्या मास्तरांना मी भाव करण्याइतके जरी सांगितले असते, तरी त्या एक रुपयाच्या नाण्याने मला इतकी वर्षे छळले नसते. मी त्या मुलाला तसे म्हणालोही. त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही. तीस रुपये त्याचे गेले होते.